विश्वामित्रीची मगर, जुना साग आणि श्रावण: स्क्रोल सॉवरच्या एका कामाचं प्रकरण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लाकडी तुकडे जुळवायची मगर परत आली. वरचे-खालचे मिळून पाच दात गेलेले, मागचा पाय घोट्यापाशी तुटलेला, आणि नऊ तुकड्यांपैकी मधले तीन चौकटीत असे आवळून बसलेले की मुलांच्या बोटांना सोडाच, मोठ्यांच्या हातालाही दाद देईनात. मे महिन्यात हीच मगर लावली तेव्हा सगळे तुकडे निघत होते आणि जागच्या जागी बसत होते.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या बाजूला असलेल्या एका मराठी वाचनालयाच्या बालविभागासाठी ती केली होती. भिंतीवर शोभेची दिसावी आणि मुलांना तुकडे काढून जुळवताही यावेत, एवढीच मागणी. प्राणी कोणता, यावर वाद झालाच नाही. हत्ती-वाघ कुठेही मिळतात. पण शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात, ही गोष्ट वडोदऱ्याच्या पोरांच्या रोजच्या बोलण्यातली. १८७९ साली खुल्या झालेल्या सयाजीबागेतूनही हीच विश्वामित्री जाते. करणारे एक निवृत्त ड्राफ्ट्समन. हात सरावाचा, रेघ नेमकी, मशीन १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक उभं पातं वर-खाली हलवून वळणदार आकार कापणारं, मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्यांपर्यंत वेग बदलता येणारं. म्हणजे हे नवशिक्याचं काम नव्हतं आणि कापही वाईट नव्हता. म्हणूनच ते तपासण्यासारखं आहे.

काम असं होतं. लांबी ३८० मिमी, पाठीच्या सगळ्यात उंच जागी पायासकट उंची ११० मिमी, जाडी १८ मिमी, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत. एकाच सागाच्या फळीतून नऊ तुकडे, एकमेकांत गोल खुंट्यांनी अडकणारे. मगर बसवायला १२ मिमी प्लायमध्ये तिच्याच आकाराची खाच कापलेली, मागून ४ मिमी प्लाय चार स्क्रूंनी लावलेला. साग एका पाडलेल्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीचा, रंधा मारून सरळ केलेला. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात.

दात आणि पाय

तुटक्या दातांचं खापर आधी मुलांवर फोडलं गेलं, मग सागावर. दोघांचाही दोष नाही.

वाळकी काटकी आडवी मोडायला जोर लागतो. तीच उभी चिरायला नख पुरतं. लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, मगरीच्या लांबीच्या दिशेने, नाकापासून शेपटीकडे, धरला होता आणि तो तसाच धरायला हवा, नाहीतर शेपटी आठवडाभरही टिकणार नाही. पण मग शरीरातून उभं बाहेर येणारं जे काही आहे, दात, पाय, पाठीवरचे खवले, त्या सगळ्यांत रेषा आडवा पडतो. असा दात म्हणजे एकावर एक रचलेल्या आखूड तंतूंची चळत. त्यांना धरून ठेवणारं फक्त तंतूंचं बाजूचं चिकटलेपण. पहिल्या मगरीचे दात बुडाशी ३ मिमी आणि उंचीला ७ मिमी होते. त्या मापात साग असो, शिसम असो, दात पडणारच.

हे माप आलं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. मूळ नक्षा तयार मिळालेला होता आणि तो मगरीचा नव्हता, ॲलिगेटरचा होता. तोंड मिटलं की ॲलिगेटरच्या खालच्या जबड्याचे दात वरच्या जबड्यात झाकले जातात. मगरीच्या खालच्या जबड्यातला चौथा दात मात्र बाहेरून दिसत राहतो. ही चूक ड्राफ्ट्समनच्या लक्षात आली, ही कौतुकाची गोष्ट. पण दुरुस्ती करताना त्यांनी मिटल्या तोंडावर पेन्सिलीने दात वाढवले, दिसायला टोकदार आणि कापायला सुरेख. कागदावर दाताला रेषा नसतो.

पायाचंही तेच. नक्ष्यातला प्राणी चार पायांवर उभा होता. घोट्याची रुंदी ९ मिमी, उंची २२. मगर भिंतीवर असताना त्यावर काही भार नव्हता. तो तुटला तुकडा उपसताना, कारण मुलाने पकडायला सगळ्यात सोयीची जागा म्हणून पायच धरला. मुलांच्या कोड्यात जे बाहेर आलेलं असतं ते मूठ होतं, हे धरूनच चालावं.

यावर तीन उपाय सुचवले गेले. पहिला, पाय वेगळ्या लाकडातून उभ्या रेषाने कापून चिकटवणे. होतं, पण सागात तेल असतं; सांधा चिकटवण्याआधी थिनरने पुसून लगेच सरस लावला नाही तर तो सांधा पुढेमागे सुटतो. दुसरा, अख्खी मगर प्लायमधून कापणे. चांगल्या बर्च प्लायमध्ये हे छान होतं, पण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या प्लायमध्ये मधल्या थरांत पोकळ्या निघतात आणि नेमक्या दाताच्या जागी निघतात. शिवाय कडेला थरांचे पट्टे दिसतात. शोभेच्या वस्तूला ते सगळ्यांना रुचत नाहीत. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते एकमेव शहाणा: मगर बसवायची.

मगर दिवसाचा बराच वेळ काठावर पोट टेकून, जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली असते. नक्षा त्या बसणीचा केला की मागचा पाय दुमडून अंगालगत येतो आणि त्यातला रेषा पायाच्या लांबीतच धावतो. उघड्या जबड्याचे दोन्ही भाग लांब आणि आडवे, म्हणजे रेषाच्या दिशेनेच. उरतात दात. ते दुसऱ्या नक्ष्यात बुडाशी ५ मिमी, उंचीला ४ मिमी, टोक गोल. वर सात, खाली सहा, त्यात चौथा खालचा थोडा रुंद. उंची बुडापेक्षा कमी, हा एकच नियम पाळायचा. पाठीवरचे खवले बुडाशी ८, उंचीला ३. डोळा वेगळा बसवायचा नाही, ५ मिमीचं गिरमिट आरपार मारायचं. निसटणारा लहान मणी बालविभागात नकोच. खेळण्यांच्या तपासणीत लहान भागासाठी ३१.७ मिमी व्यासाचं नळकांडं वापरतात आणि त्यात मावेल तो तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. म्हणून शेपटीचं टोकही वेगळा तुकडा न करता आधीच्या तुकड्यात जोडून टाकलं. नवाचे आठ झाले.

अडकलेले तुकडे: दोन कुलपं, एक नाही

इथे घाई झाली असती तर चुकीचं निदान झालं असतं. सगळे म्हणत होते, पाऊस लागला, लाकूड फुगलं. ते खरं होतं, पण अर्धंच.

मागचा प्लाय काढून, लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिल्यावर अख्खी मगर खाचेतून बाहेर आली. आता ती चौकटीच्या पकडीतून सुटली होती. तरी मधले तुकडे एकमेकांतून पुढच्या बाजूला सरकेनात. मागच्या बाजूला मात्र लोण्यासारखे सरकले.

तुकडा एका बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो, याचा अर्थ मशीनचं टेबल पात्याशी काटकोनात नव्हतं. गोल खुंटी कापताना पातं एक अंश जरी कललेलं असलं तरी खुंटी किंचित बुचासारखी होते. १८ मिमी जाडीत एका अंशाने सुमारे ०.३ मिमीचा फरक पडतो. पाच नंबरच्या पात्याच्या कापाची रुंदी तेवढ्याच्याच आसपास, ०.४ ते ०.५ मिमी. म्हणजे मे महिन्यात जेमतेम दीड दशांश मिमीची मोकळीक उरली होती आणि तेवढ्यावर मगर चालत होती. त्यावर पीयूचे तीन हात ब्रशने, तुकड्यांच्या कडांनाही. मोकळीक तिथेच संपली.

तुकडा दोन्ही बाजूंनी अडत असेल तर टेबलाला हात लावू नका. तेव्हा दोष पात्याच्या ताणाचा असतो. ताण कमी आणि हाताचा रेटा जास्त झाला की पातं मधोमध धनुष्यासारखं वाकतं आणि कापाच्या भिंतीला पोट येतं. ताणलेलं पातं बोटाने छेडलं तर तारेसारखा स्वच्छ, चढा आवाज यायला हवा. बसका आवाज आला तर आणखी ताणा.

टेबलाची परीक्षा गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीने, होते, पण लहान गुण्याला पात्याची अर्ध्या इंचाची उंची मिळत नाही आणि डोळा फसतो. त्यापेक्षा पक्की रीत अशी: दीड-दोन इंच जाडीचा टाकाऊ तुकडा घ्यायचा, त्याच्या कडेत पात्याने ३ मिमी खोल खाच पाडायची, मशीन बंद करायचं, मग तुकडा अर्धा वळसा फिरवून तीच खाच पात्याच्या पाठीमागून त्यावर चढवायची. टेबल काटकोनात असेल तर पातं खाचेत अलगद शिरतं. नसेल तर फरक दुप्पट होऊन दिसतो. टेबलाखालच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, ती शोभेची असते. पहिल्या मगरीच्या वेळी काटा शून्यावरच होता.

आता दुसरं कुलूप. खाच कापताना मगर प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवली होती आणि रेघेच्या बाहेरून कापलं होतं. चहूबाजूंनी साधारण अर्धा मिमी मोकळं. उंचीत दोन्ही बाजू मिळून एक मिमी. सागाची फळी रुंदीत, आर्द्रतेच्या दर एका टक्क्यामागे, शंभर मिमीला साधारण ०.२ मिमी हलते. मेच्या रखरखीत हवेतून श्रावणात आलेल्या लाकडात तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. ११० मिमी उंचीला तो ०.६ ते ०.८ मिमी होतो. व्हर्निअर लावला तर पाठीच्या उंचीचं माप ११०.७ निघालं. दोन्ही कडांच्या पॉलिशचा थर धरा, एक मिमी भरला.

मधलेच तीन तुकडे का अडकले, याचं उत्तरही यातच आहे. तिथे उंची सगळ्यात जास्त. जबडा आणि शेपटी ठेंगणी, त्यांची वाढही ठेंगणी. आणि लांबीत? ३८० मिमी लांबीत फरक मोजण्याइतकासुद्धा नव्हता, कारण रेषाच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. तुकडे एकाच फळीचे असल्यामुळे सगळे एकाच दिशेने सारखे वाढले. म्हणून आपसातली बसणी हवेने बिघडली नाही. भांडण झालं ते साग आणि प्लायमध्ये. प्लाय आडवे-उभे थर असल्यामुळे जागचा हलत नाही, आणि साग हलतो.

“जुना साग आहे, साहेब, तो हलायचा थांबला,” असं ती फळी देताना मिस्त्रींनी सांगितलं होतं. ही समजूत फार पसरलेली आहे. जुनं लाकूड वाळलेलं असतं, पिळत नाही, चिरत नाही, हे खरं. पण हवेतली ओल घ्यायचं आणि सोडायचं ते पन्नास वर्षांनीही सोडत नाही. जुन्या दारांना विचारा. पावसाळ्यात कुठलं दार धड लागतं?

दुसरी मगर

जुन्या चौकटीच्या लाकडात आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे डोकं तुटलेला खिळा. वरून दिसत नाही. रंध्याचं पातं आणि स्क्रोल सॉचं पातं दोन्ही वाचवायची असतील तर आधी जोरकस चुंबक फळीभर फिरवावा. दुसऱ्या फळीत दोन खिळे सापडले. निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड होतं किंवा आहे असं समजावं.

कच्ची फळी ४५० बाय १२५ मिमी, जाडी २० वरून रंध्याने १८. त्यावर आधी मास्किंग टेप, टेपवर डिंकाच्या कांडीने नक्षा, नक्ष्यावर पारदर्शक पॅकिंग टेप. पहिल्या वेळी कागद फेव्हिकॉलने सरळ लाकडावर चिकटवला होता आणि तो घासून काढण्यात पाठीवरचे खवले बोथट झाले. खालच्या टेपमुळे कागद सालीसारखा निघतो. वरच्या पॅकिंग टेपमुळे पातं कमी तापतं आणि काप करपत नाही.

पाती बिनपिनची, पाच इंची. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘सॉची पाती’ म्हटलं तर जिगसॉची पाती पुढ्यात येतात. लांबी आणि नंबर दोन्ही सांगावे लागतात. बाहेरच्या रेघेला सात नंबर, खुंट्यांना पाच, दातांना तीन. वेग मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास. सागात वालुकेचा अंश असतो, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. बोथट झालं की हात नकळत रेटा वाढवतो, आणि मग करपणं, वाकणं, रेघ सुटणं एकापाठोपाठ येतं. पहिली मगर दोन पात्यांत उरकली होती. दुसरीला सहा लागली. पात्यात केलेली काटकसर पुढे कानशीने आणि पॉलिश पेपरने फेडावी लागते.

पातं सरळ ढकललं तरी काप एका बाजूला ओढला जातो, बहुतेकदा उजवीकडे, कारण पाती घडवताना एका कडेला बारीक कोर राहते. फळी काही अंश तिरकी धरून त्याला उत्तर द्यायचं. किती ते टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ कापून आधी ठरवायचं. पातं बदललं की पुन्हा.

कापण्याचा क्रम बदलला, आणि दात वाचले ते यामुळेच. आधी डोळ्याचं छिद्र. मग तीन नंबरने जबड्याची पोकळी: दाताच्या टोकापाशी थोडं मागे यायचं, जागेवरच फळी फिरवायची, पुढे जायचं. पोकळीतून निघालेली पाचर फेकायची नाही. ती परत जागेवर बसवून दोन्ही बाजूंनी टेप लावायचा. त्या पाचरीच्या आधाराने दात पुढची सगळी हाताळणी सोसतात. त्यानंतर बाहेरची रेघ, आणि शेवटी खुंट्या, शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे हातात धरलेला भाग शेवटपर्यंत मोठा राहतो आणि बोटं पात्यापासून लांब. खुंटीचा गोल १२ मिमी, मान ७ मिमी, आणि खुंटीच्या कडेपासून पाठ किंवा पोट निदान १० मिमी दूर. सगळ्या खुंट्या शेपटीच्या दिशेने, आडव्या. पाठीकडे किंवा पोटाकडे उभी खुंटी एकही नाही, कारण तिच्या मानेत पुन्हा दातांचंच दुखणं. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला चावते. एन ९५ मास्क लावूनच बसायचं.

पॉलिशबद्दल वाचनालयाची एक इच्छा होती: संखेड्याच्या पाळण्यासारखा तांबूस-सोनेरी झगझगीत रंग. संखेडा वडोदऱ्याहून फार दूर नाही आणि तिथलं सागाचं लाखकाम सगळ्यांच्या घरात पाहिलेलं. पण ती लाख फिरत्या लाकडावर दाबून, घासण्याच्या उष्णतेने पसरवतात. त्यासाठी वस्तू कातारावर फिरणारी, गोल हवी. चपटी मगर फिरवणार कशी? लाखेचाच दुसरा अवतार इथे चालतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, पाव लिटरला ३० ग्रॅम, रात्रभर भिजवून आणि गाळून. सुती कापडाच्या बोळ्याने दोन पातळ हात, मधे ४०० नंबरचा कागद हलका. कडांना एकच हात, तोही जवळजवळ कोरड्या बोळ्याने. थर इतका पातळ बसतो की कापाची मोकळीक खात नाही, आणि वाळल्यावर मुलांच्या हाताला निर्धोक. ओल्या ग्लासाचा पांढरा डाग पडतो, हा तिचा दोष. भिंतीवर ग्लास ठेवत नाहीत.

खाचेचं माप शेवटी घेतलं. दुसरी मगर ऑगस्टअखेर कापली, म्हणजे लाकूड फुगलेलं असतानाच. त्यामुळे आता उलटी काळजी: मेमध्ये ती आकसणार. खालची कड घट्ट ठेवली, मगर पोटावर टेकते. लांबीत दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिमी, तिथे जास्तीची गरजच नाही. उरलेली सगळी मोकळीक पाठीच्या वर: दीड मिमी, जी उन्हाळ्यात सव्वादोनच्या घरात जाईल. ती फट दिसू नये म्हणून खाचेची आतली कड आणि मागचा प्लाय काळसर हिरवा रंगवला. पाठीवरच्या फटीत तो रंग पाण्याच्या सावलीसारखा दिसतो. पकडायला पायाऐवजी बोट जाईल असा अर्धगोल, २० मिमीचा, पोटाखाली प्लायमध्ये कापला.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दात तेराही जागेवर होते. तुकडे दोन्ही बाजूंनी सरकतात. एक तक्रार आली: चौथ्या आणि पाचव्या तुकड्याची बसणी इतकी सैल झाली आहे की चौकट भिंतीवरून उतरवताना पाचवा आपोआप पडतो. तिथे खुंटी कापताना पात्याने रेघ सोडली आणि ती पुन्हा कापावी लागली, दोन कापांची जागा गेली. खुंटीच्या कडेला चपडीचे आणखी दोन हात दिले, तेवढ्याने ती थोपली आहे. मे महिन्यात व्हर्निअर घेऊन पाठीचं माप पुन्हा घ्यायचं ठरलं आहे. चौकटीच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय, ‘ऑगस्ट: १०८.६’.